त्सोंगा गायकाचं पोट नेमकं कशावर चालतं

प्रश्न थोडक्यात असा होता: अमेरिकन गायक पॉल सायमनच्या ग्रेसलँड अल्बमवर ‘आय नो व्हॉट आय नो’ नावाचं गाणं आहे, त्याच्या क्रेडिटमध्ये जनरल एम. डी. शिरिंडा असं एक नाव दिसतं, हा माणूस कोण, त्याला सगळे पारंपरिक त्सोंगा (दक्षिण आफ्रिका-मोझांबिकमधला एक समाज) कलाकार म्हणतात पण गाण्यात तर सरळ इलेक्ट्रिक गिटार वाजतेय मग पारंपरिक कसलं, आणि अशा कलाकाराचं आयुष्य, करिअर, पैसापाणी हे सगळं चालतं कसं. मी जोहान्सबर्गमध्ये बरीच वर्षं सेशन गिटार वाजवतोय, दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांताकडच्या गायकांबरोबर स्टुडिओतही वाजवलंय आणि लग्नाच्या मांडवातही, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल पण लिहितो.

आधी गिटारचं मिटवून टाकू. तिकडे रेडिओवर किंवा कॅसेटच्या दुकानात कुणी ‘ट्रॅडिशनल’ म्हणालं की त्याला जुनी वाद्यं अभिप्रेत नसतात. गाणं शित्सोंगा म्हणजे त्सोंगा लोकांच्या भाषेत पाहिजे, पुढे एक गायक आणि मागे उत्तर देणाऱ्या बायका पाहिजेत, आणि त्यावर बाईला शिबेलानी म्हणजे जाड घेराचा घागरा नेसून नाचता आलं पाहिजे, एवढं जमलं की झालं, मग वाजवा गिटारवर नाहीतर कीबोर्डवर. आपल्याकडे पारंपरिक म्हटलं की लोक आधी वाद्य बघतात, म्हणून घोळ होतो.

जुनी वाद्यं नव्हती असं नाही हां. शिझांबी म्हणून एक छोटं धनुष्य असतं, हाताच्या लांबीचं, त्याच्या दांड्यावर करवतीसारख्या खाचा पाडलेल्या, आणि तार म्हणून ताडाच्या जातीच्या पानाची चपटी पट्टी ताणलेली. एका हातात खुळखुळे लावलेली काठी घेऊन ती खाचांवरून खर्रखर्र घासायची, त्यानं पट्टी थरथरते, पट्टीचं टोक ओठांत धरलेलं असतं, आणि तोंडाचा आकार लहानमोठा करत वाजवणारा त्या एका थरथरीतून वेगवेगळे वरचे स्वर काढतो, दुसऱ्या हाताची बोटं पट्टीवर ठेवून खालचा मूळ स्वर बदलत राहतो. म्हणजे एकाच माणसाकडून ताल, खालचा स्वर आणि वरची धून, तिन्ही एकदम. पहिल्यांदा समोर बसून ऐकलं तेव्हा मला तर आधी खुळखुळाच ऐकू येत होता, धून ऐकायला कान जवळ न्यावा लागतो इतकी ती बारीक. दुसरं शितेंडे, ते मोठं धनुष्य, तार मधे बांधून दोन असमान भाग केलेले आणि भोपळा लावलेला, काडीनं वाजवायचं आणि सोबत गायचं. ढोल आहेतच, अंगात येणाऱ्यांच्या विधीत वाजणारं न्चोमाने नावाचं हातात धरायचं चामड्याचं वाद्य आहे, आणि मुलींच्या वयात येण्याच्या विधीची, दारूच्या बैठकीची अशी प्रत्येक प्रसंगाची गाणी वेगळी.

आता हा धनुष्यवाला माणूस खाणीत गेला आणि त्याच्या हातात गिटार आली तर तो काय वाजवेल. मला विचाराल तर तो तेच वाजवतो, एक छोटा फिरता मुखडा, खालचे स्वर दोनतीनच, आणि वरती सतत काहीतरी किणकिणत ठेवायचं. हे माझं कानाचं मत आहे, पण त्सोंगा गिटार हातात घेऊन शिकलात तर तुम्हालाही तेच जाणवेल असं वाटतं.

खाणीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्सोंगा किंवा शांगान म्हणतात ते लोक आजच्या दक्षिण मोझांबिकमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो, म्पुमलांगा भागात. एकोणिसाव्या शतकात सोशांगाने नावाच्या न्गुनी सेनानीनं तिकडे गाझा राज्य उभं केलं, शांगान हे नाव त्याच्यावरूनच पडलं, शेवटचा राजा गुंगुन्हाना याला पोर्तुगीजांनी १८९५मध्ये पकडलं आणि बरेच लोक सीमा ओलांडून ट्रान्सवालमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात, आले. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८८६मध्ये, जोहान्सबर्गला सोनं सापडलेलं. मग दक्षिण मोझांबिकमधून बाप्ये कंत्राटावर खाणीत जायला लागले, पिढ्यान्पिढ्या, वेनेला म्हणतात त्या भरती संस्थेमार्फत. गिरणगावातला कोकणी चाकरमानी डोळ्यासमोर आणा, बायकापोरं गावाला, स्वतः खोलीत दहाजणांबरोबर, सणाला घरी. गिटार, कॅसेट, रेडिओ, नवी फॅशन हे सगळं याच रस्त्यानं गावात गेलं आणि गाण्यांचे विषयही याच रस्त्यानं आले: शहरात जाऊन घर विसरलेला नवरा, सासरचा जाच, लोबोला म्हणजे वधूमूल्याच्या गाईंवरून भांडण, दारू, दोन बायकांची कटकट.

मोझांबिकच्या बाजूनं दोन नावं सांगतो कारण तिकडचा रस्ता थोडा वेगळा झाला. फानी म्फुमो, जन्म १९२८, लोरेन्सो मार्किसचा म्हणजे आजच्या मापुटोचा, तो जोहान्सबर्गला आला आणि इथे रेकॉर्ड केल्या, १९८७मध्ये गेला. आणि दिलों जिंजी, जन्म १९२७, माराक्वेनेचा, बारा वर्षांचा असताना तेलाच्या डब्याची तीन तारांची गिटार केली होती त्यानं, नंतर माराबेंटाचा, म्हणजे तिकडच्या गिटारवरच्या नाचगाण्याचा, राजा म्हणवून घेतलं, आणि त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला २००२मध्ये, म्हणजे पंचाहत्तरीला! २०२४मध्ये वारला, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन. हे दोघे रोंगा भाषेतले, ती शित्सोंगाची सख्खी बहीण.

दक्षिण आफ्रिकेत मात्र करिअर घडवलं ते रेडिओनं, आणि यात एक विचित्र गोष्ट आहे. १९६५मध्ये सरकारी रेडिओनं त्सोंगा भाषेची वेगळी सेवा सुरू केली, रेडिओ त्सोंगा, आज तिला मुंगाना लोनेने एफएम म्हणतात, पोलोक्वानेहून चालते. यामागे हेतू काही संगीतप्रेमाचा नव्हता, वर्णभेदी सरकारला प्रत्येक टोळीची वेगळी भाषा, वेगळा रेडिओ, वेगळं ‘होमलँड’ करून लोकांना तुकड्यातुकड्यांत ठेवायचं होतं, त्सोंगा लोकांसाठी गाझानकुलू केलं, १९७३मध्ये त्याला नावापुरता स्वराज्याचा दर्जा दिला, राजधानी गियानी, आणि १९९४ला ते दक्षिण आफ्रिकेत परत विलीन झालं. पण रोज तासन्‌तास वाजवायला शित्सोंगा गाणी तर पाहिजेत! मग गिटारवाल्यांना बोलावून रेकॉर्डिंग सुरू झालं, कंपन्याही मागे लागल्या, आणि ज्या गायकाला शेजारच्या झुलू किंवा सोथो माणसानं कधी ऐकलंही नसेल तो त्सोंगा घराघरात ओळखीचा झाला. सरकारनं माणसांना कोंडायला बांधलेल्या भिंतीच्या आत एक पूर्ण बाजारपेठ तयार झाली. मला हे कधीच सरळ पचत नाही, पण झालं ते असं.

शिरिंडा या पिढीतला. त्याच्या ग्रुपचं नाव गाझा सिस्टर्स, म्हणजे तोच जुना गाझाचा अभिमान. आणि हे ‘सिस्टर्स’ प्रकरण नीट समजून घ्या कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे. ओबेद न्गोबेनी आणि कुरहुला सिस्टर्स, जॉर्ज मालुलेके आणि वान्वनाती सिस्टर्स, थॉमस चाउके आणि शिन्योरी सिस्टर्स, प्रत्येकाचं तेच. पुरुष एक ओळ टाकतो, तीही बऱ्याचदा बोलल्यासारखी, आणि बायका उंच पट्टीत, थोड्या धारदार आवाजात तिचं उत्तर देतात, वरून सुरू होऊन खाली उतरत येणारी ओळ. ही वरून खाली उतरण त्सोंगा गाण्याची खूणच आहे, जुन्या विधीच्या गाण्यांतही तीच. बऱ्याच गाण्यांत लोकांच्या तोंडी बसते ती बायकांची ओळ, गायक मधे मधे टोमणे, नावं, गावं घालत फिरतो. आणि स्टेजवर लोक बघतात कोणाला, तर बायकांनाच. शिबेलानी म्हणजे कंबरेला जाड घेर असलेला घागरा, कंबर हलवली की घेर मागून येतो, अर्ध्या ठोक्यानं उशिरा, आणि तो उशीर गिटारच्या मुखड्यात बसला पाहिजे, नाही बसला तर समोरच्या आज्या उठून सांगतात की फार पळताय! ही मस्करी नाही, माझ्यासमोर झालंय, ड्रमर बिचारा गावातला नव्हता.

आता ग्रेसलँड. सायमनला १९८४मध्ये कुणीतरी दक्षिण आफ्रिकन टाउनशिप म्हणजे शहराबाहेरच्या काळ्या वस्त्यांतल्या संगीताची कॅसेट दिली, तो वेडा झाला आणि फेब्रुवारी १९८५मध्ये रॉय हाली या इंजिनियरला घेऊन जोहान्सबर्गला ओव्हेशन स्टुडिओत आला. शिरिंडाचा एक अल्बम त्यानं ऐकला होता, त्यातली गिटार आणि बायकांचे आवाज त्याला फार आवडले, म्हणून त्यांनाच बोलावलं. तर त्या गाण्यात तुम्ही ऐकता तो सांगाडा शिरिंडाचा आहे, मागे जे हुंकार आणि किलकाऱ्या आहेत त्या गाझा सिस्टर्सच्या, आणि वर सायमननं न्यूयॉर्कच्या पार्टीतल्या गप्पांचे इंग्रजी शब्द बसवले, ज्यांचा खालच्या संगीताशी काडीचा संबंध नाही. यावर त्या वेळी टीका झाली, वर्णभेदी सरकारवरचा संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार मोडला म्हणून तर वेगळाच गदारोळ. माझं मत विचाराल तर शब्द उथळ आहेत खरे पण क्रेडिटच्या बाबतीत सायमन नीट वागला, लेखनात शिरिंडाचं नाव आहे, आणि वादकांना न्यूयॉर्क युनियनच्या दराच्या तिप्पट पैसे दिले, तासाला दोनशे डॉलरच्या जवळपास, जेव्हा इथला दर दिवसाला पंधराएक डॉलर होता. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानं ‘म्बुबे’ (जग ज्याला ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून ओळखतं) १९३९मध्ये रेकॉर्ड केलं आणि पुढे त्याचे हक्क दहा शिलिंगात गेले, जगभर ते गाणं वाजत राहिलं आणि तो गरिबीत मेला, हे डोळ्यासमोर ठेवलं की त्या एका क्रेडिटच्या ओळीची किंमत कळते. अल्बम १९८६ला आला, १९८७ला ग्रॅमी मिळालं.

पण म्हणून शिरिंडाचं करिअर म्हणजे ग्रेसलँड असं समजलात तर सगळं उलटं होईल. त्या अल्बमवरच्यांपैकी पुढे जगभर नाव झालं ते लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोचं, रे फिरीचं, बाकिथी कुमालोचं. त्सोंगा श्रोत्यासाठी शिरिंडा त्याआधीच मोठा होता आणि त्याला मोठं करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सायमनचं नाव ऐकलं नव्हतं. ओबेद न्गोबेनीचंही तसंच, त्याचं एक गाणं महोटेला क्वीन्स या गायिकांच्या ग्रुपनं ‘काझेट’ म्हणून केलं, ते परदेशात गाजलं, मूळ कुणाचं ते फार थोड्यांना माहीत.

मग पैसा कुठून येतो. तीन ठिकाणांहून, आणि तिन्ही सारखी नाहीत. कॅसेट किंवा सीडी विकून कंपनी जे देईल ते एक, त्यात जुन्या काळी बऱ्याचदा एकरकमी देऊन मोकळे व्हायचे. शनिवार-रविवारचे कार्यक्रम हे दुसरं, मैदानात, बिअर हॉलमध्ये, लग्नात, ख्रिसमसच्या आठवड्यात सगळे शहरातून गावी आलेले असतात तेव्हा सगळ्यात जास्त. म्पुमलांगातल्या बुशबकरिजकडे रविवारी मुचोंगोलो नाचाच्या स्पर्धा होतात, पाय आपटत नाचणारे गट एकमेकांना शह देतात, गाण्यांतून गावच्या पुढाऱ्यांची सालं काढतात, त्यांचा आणि रेकॉर्डवाल्या गायकांचा श्रोता एकच. तिसरं म्हणजे रेडिओची रॉयल्टी, आणि खरी मेख इथे आहे. गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला सॅम्रो या संस्थेमार्फत पैसे मिळतात, ही संस्था १९६१ची. पण रेकॉर्डवर जे गायले, वाजवले त्यांना रेडिओनं काही द्यायचं ही तरतूद १९६५च्या कॉपीराइट कायद्यात काढून टाकली होती, ती थेट २००२मध्ये परत आली. रेडिओ त्सोंगाही १९६५चाच, म्हणजे बघा, त्या रेडिओची पहिली सदतीस वर्षं ज्या बायकांच्या आवाजानं गाणी चालली, त्यांना ती गाणी हजार वेळा वाजली तरी वादक-गायक म्हणून रेडिओकडून दमडी नव्हती, मिळालं तर ज्याच्या नावावर गाणं त्याला. आणि नाव बहुतेक वेळा पुढच्या पुरुषाचं. प्रत्येकानं लबाडी केली असं मी म्हणत नाही, गाणी त्यांनी केलेलीच असायची, पण बायकांची उत्तराची ओळ कुणी रचली याचा कागद कुणी करत नव्हतं. म्हणून शक्यतो ग्रुप घरातला ठेवायचा: बायको, बहीण, मुलगी, भाची. पैसा घरात राहतो, तालीम अंगणात होते, आणि एखादी लग्न होऊन गेली तर दुसरी तयार असते.

हे सगळं सगळ्यात नीट चालवलेला माणूस म्हणजे थॉमस हसानी चाउके. जन्म १९५२, सालेमा गाव, ससेलामानीजवळ, मलामुलेलेचा भाग. गिटार स्वतःच शिकला, पोटासाठी जोहान्सबर्गला गेला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून शिन्योरी सिस्टर्सबरोबर अल्बम काढायला लागला. अल्बमचं नाव शिमात्सात्सा, आणि पुढच्याचंही शिमात्सात्सा, फक्त नंबर बदलायचा! मार्केटिंगवाला डोक्याला हात लावेल, पण गिऱ्हाईक दुकानात जाऊन म्हणायचं नवा नंबर द्या, संपलं, एखाद्या मासिकाची वर्गणी असावी तसा त्याचा श्रोता बांधलेला. शिन्योरी सिस्टर्स घरातल्याच. आवाजात घाई नाही, शिव्या नाहीत, उपदेश आहे पण मिश्कील, गिटार कधी चुकून जास्त बोलत नाही. पुरस्कार ढीगभर, मानद डॉक्टरेट, आज सगळे त्याला डॉक्टर चाउके म्हणतात. इंग्रजी श्रोत्याला खूश करायच्या भानगडीत तो फारसा पडला नाही आणि त्याचं काही अडलंही नाही. मला कुणी नवीन त्सोंगा गायक विचारतो की बाहेर जायला काय करू, तर मी आधी विचारतो की चाउकेचे किती नंबर ऐकलेस.

त्सोंगा डिस्कोवाल्यांचं लवकर उरकतो, त्यावर वेगळं लिहावं लागेल. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आले, पॉल न्डलोवू चमकला आणि १९८६ला गेला, पीटा टीनेट १९९६ला पोलिसाच्या गोळीनं गेला, दोघेही ऐन भरात. मग पेनी पेनी, आधी खाणीत होता, नंतर स्टुडिओत लादी पुसायचा, तिथे जो शिरिमानी या निर्मात्यानं त्याला हेरलं, १९९४ला ‘शाका बुंडू’ आला आणि अडीच लाखांच्या आसपास खपला, केला काय तर एक अटारी कंप्युटर आणि एक कॉर्ग कीबोर्ड घेऊन. पुढे सोवेटोत नोझिंजा या निर्मात्यानं तो वेग अजून चढवून मिनिटाला १८०च्या वर ठोके नेले, २०१०ला लंडनच्या एका लेबलनं ते शांगान इलेक्ट्रो म्हणून बाहेर नेलं, आणि शो माजोझी या रॅपर बाईनं शिबेलानी नेसून २०१९ला अमेरिकेतला बीईटी पुरस्कार आणला. यातल्या कुठल्याही गाण्यातून ठोका काढून टाका, खाली उत्तर देणाऱ्या बायका आणि फिरता मुखडा सापडतोच. नोझिंजाचं काही काही तर मला गाण्यापेक्षा मशिनची शर्यत वाटतं, पण नाचणारे घागरे बघितले की तक्रार करायला जागा राहत नाही.

प्रश्न विचारणारे स्वतः गिटार वाजवतात असं त्यांनी लिहिलं होतं म्हणून शेवटी हाताचं सांगतो. ग्रेसलँडवरून शिकू नका, तिथे मिक्समध्ये सायमनचा आवाज पुढे आहे. चाउकेचा कुठलाही जुना नंबर घ्या, पहिल्या दिवशी गिटार हातातच घेऊ नका, सिस्टर्सची ओळ म्हणायला शिका, अर्थ कळला नाही तरी चालेल, वरून कुठे सुरू होते आणि खाली कुठे बसते ते गळ्यात बसवा. मग बेस ऐका, तो इथे साथ देत नाही, स्वतःचंच गाणं गात असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. गिटारचा मुखडा या दोघांच्या मधल्या फटीत बसतो. अंगठ्यानं खालचे दोन स्वर आलटून पालटून, वरच्या दोन तारांवर तर्जनीनं किणकिण, आवाज स्वच्छ, डिस्टॉर्शन अजिबात नाही, रिव्हर्ब नावाला. मुखडा चार ठोक्यांत परत येतो पण आपल्याला वाटतं तिथे सम नसते, बायका जिथे श्वास घेतात तिथून मोजा. हात दुखायला लागला तर समजा की जोर जास्त लागतोय, इथले म्हातारे गिटारवाले अर्धा अर्धा तास एकच मुखडा फिरवत शेजाऱ्याशी गप्पा मारत असतात.